पिवळा दिवा

बोईसरच्या एका केमिकल कारखान्याच्या कँटीनला दुपारचं जेवण मी पोहोचवते. गाडी माझी, पेट्रोलवरचा छोटा पिकअप, आणि चालवतेही मीच. एका सकाळी आमच्या घिवली गावाहून निघताना डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखी पळत होती. पण कारखान्याचा नियम आहे, इशाऱ्याचा दिवा पेटलेली गाडी आत घेत नाहीत. म्हणून आधी गॅरेज गाठलं.

मेकॅनिकने स्कॅनर लावला. "पेट्रोलची वाफ कुठंतरी निसटतेय म्हणतंय, ताई."

"कुठून?"

"ते नाही सांगत."

बोलता बोलता त्याने बटण दाबून कोड पुसला. दिवा विझला. दोन दिवस मी आत गेले. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा पेटला, तोही थेट गेटवर.

"दीदी, बत्ती जल रही है. गाडी बाहर," वॉचमन म्हणाला.

भाताची पातेली हातगाडीवरून आत न्यावी लागली. पंगत उशिरा बसली. कँटीनचा मॅनेजर बाहेर आला. "उद्या कारखाना बंद. परवा गाडी आत आली नाही, तर दुसऱ्या कुणाला सांगतो."

त्याचं चुकत नव्हतं. केमिकलच्या पिंपांमध्ये पेट्रोलची वाफ सोडणारी गाडी मीही उभी करू दिली नसती. पण वर्षानुवर्षं खपून उभं केलेलं काम एका दिव्यापायी मी सोडणार नव्हते.

पुन्हा गॅरेज. आता मेकॅनिकचं वेगळंच. "टाकी उतरवू, सगळा सेट बदलू. आठवडाभर गाडी ठेवा."

"बिघडलंय काय?"

"बदलल्यावर कळेल."

मी गाडीची किल्ली मागितली. "गळती मीच शोधते."

"ताई, बायकांचं काम नाही हे."

"तुमच्या घरी सिलिंडरची गळती कोण शोधतं?"

"बायको."

"मग द्या किल्ली."

घरी आल्यावर आधी टाकीचं झाकण पाहिलं. रबर शाबूत होतं, झाकण घट्ट बसत होतं. म्हणजे गळती पुढे. वाफ टाकीतून ती शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाते आणि तिथून इंजिनात, एवढं मेकॅनिककडून कळलं होतं. गाडी मोकळ्या अंगणात घेतली, चूल विझवली, इंजिन थंड होऊ दिलं. डब्याची हवा घेणारी नळी चिंधीने बंद केली. इंजिनाकडे जाणारी नळी सोडवून तिला सायकलचा पंप जोडला आणि पंप मोठ्या जावेच्या हातात दिला. साबणाचं पाणी घेऊन मी गाडीखाली शिरले.

"माला पंप माराया लावते नि सोता खाली निजते!" जाऊ म्हणाली.

"हळू मार. टाकी फुगवायची नाहीये."

"गाडीला दमा झालाय काय गो?"

एकेका सांध्याला फेस लावत गेले. कुठेच काही नाही. शेवटी टाकीच्या वरच्या अंगाला, जेमतेम हात शिरेल अशा ठिकाणी, फेसाचा एक मोठा बुडबुडा फुगला. फुटला. पुन्हा फुगला. बोटाने चाचपलं तर नळी कुरतडलेली.

जावेने वाकून पाहिलं. "उंदीर हाय गो! बोंबलाच्या वासानं आला न रबर खाऊन गेला."

बरोबर होतं. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीखालीच मी रोज गाडी लावत होते. सावली मिळते म्हणून.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून वाफेच्या लाइनची नवी नळी बसवून घेतली. सेट नाही, फक्त नळी. त्याने कुरतडलेला तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"आता पुसा कोड," मी म्हटलं.

गाडी लावायची जागा बदलली. पहिल्या दिवशी आत गेले, पण त्यात काही नव्हतं. दिवा मागच्या वेळीही दोन दिवस गप्प होता. कसोटी तिसऱ्या दिवशी. त्या सकाळी घिवलीपासून गेटपर्यंत माझं निम्मं लक्ष रस्त्यावर, निम्मं डॅशबोर्डवर.

वॉचमनने खिडकीत डोकं घातलं. "दीदी, बंद करके चालू करो."

किल्ली फिरवताच डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले, तसे ते पेटतातच. त्याने हात वर केला.

"थांब जरा," मी म्हटलं आणि इंजिन सुरू केलं. एकेक दिवा विझला. पिवळाही.

तो अजून बघत होता. मी गाडी पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. "आणखी बघायचंय?"

"नहीं, दीदी. जाओ."

"नीट बघून घे. उद्या परत विचारशील."

त्याने गेटचा आडवा दांडा वर केला. मी गाडी आत घेतली आणि कँटीनच्या दाराशी मॅनेजरच्या खुर्चीसमोरच लावली.