डाव्या हाताची थाप

इथले अनुभव मी गेली काही वर्षं वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचतो. अमरावतीच्या एका ज्युनियर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. पोरांनी वर्गात भुताखेताचा विषय काढला की मी फळ्यावर सरळ समीकरण मांडतो. आजही मांडीन... फक्त या एका गोष्टीचं समीकरण मला जमलेलं नाही. आणि ती सांगायची म्हणजे माझा एक नालायकपणाही सांगावा लागेल. तोही सांगतो.

मला गाणी ऐकण्याचा नाद आहे. म्हणजे गाण्यांपेक्षा आवाजाचा जास्त. कठोरा रोडला घर बांधलं तेव्हा हॉल मुद्दाम बारा बाय अठराचा ठेवला. त्यात छातीपर्यंत उंच असे दोन टॉवर स्पीकर, आणि खालच्या घुमणाऱ्या आवाजासाठी वेगळा सबवूफर. ज्यांनी हा उद्योग केला नाही त्यांना वाटतं, डबा आणला, वायर जोडली, झालं. तसं नसतं. टॉवर कुठे थांबला आणि सब कुठून सुरू झाला हे कानाला कळता कामा नये. वरणात फोडणी मिसळते तसं मिसळलं पाहिजे. त्यासाठी कुठल्या हर्ट्झला कापायचं, फेजचं बटण शून्यावर ठेवायचं की एकशेऐंशीवर, सब भिंतीपासून किती लांब... एक ना हजार भानगडी. एक पद्धत अशी आहे की आपण बसतो त्या सोफ्यावर सब ठेवायचा, आणि आपण गुडघ्यांवर खोलीभर रांगत जायचं. जिथे खालचा आवाज एकसारखा ऐकू येईल, ती सबची जागा. मी रांगत असताना बायको, वैशाली, भाजी घेऊन आली. दारातच थांबून म्हणाली, "पोरगं रांगत होतं तेव्हा तुमी सोफ्यावर बसून होते. आता तुमी सुरू झाले काय?"

आता मामाजींबद्दल सांगतो. मामाजी म्हणजे माझे सासरे. तेल्हाऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी उभा जन्म मजुरी केली आणि दोन्ही मुली शिकवल्या. पण तालुक्यात त्यांची ओळख वेगळी होती. भीमगीतांच्या गायन पार्टीत ते ढोलक वाजवायचे. जुनी माणसं अजून सांगतात की त्यांच्या डाव्या हाताची थाप पडली की मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत ती जाणवायची. पार्टी मोडून जमाना झाला. राहिली एक कॅसेट. समाजमंदिराच्या ओट्यावर दुपारच्या रिहर्सलला कोणीतरी खुर्चीवर छोटा टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. वैशालीने ती कॉम्प्युटरवर घेऊन पेनड्राइव्हमध्ये टाकली. मी फाइल तपासली. शंभर हर्ट्झच्या खाली जवळपास काही नव्हतंच. त्या टेपरेकॉर्डरला उजव्या हाताचं टक् टक् तेवढं पकडता आलं होतं, डावा हात त्यात आलाच नव्हता.

तरी मला वाटलं, माझ्या सेटवर मामाजी ते ऐकतील आणि म्हणतील, वा जावईबापू. मला वडील नाहीत. मामाजींच्या तोंडून एवढे दोन शब्द ऐकायची मला फार हौस होती, हे आता कबूल करायला काय हरकत आहे?

ते आले. मी त्यांना सोफ्यावर बरोबर मधोमध बसवलं, कानाच्या उंचीवर स्टँडला मोजायचा माइक लावला, लॅपटॉप उघडला. गाणं सुरू झालं. ते सोफ्याच्या हातावर बोटं वाजवू लागले. मी म्हटलं, मामाजी, हात जरा स्थिर ठेवाल का, माइकमध्ये येतं. ते लगेच "हो हो" म्हणाले. गाणं संपेपर्यंत बसून राहिले आणि मग म्हणाले, "चांगलं आहे जावईबापू. स्पष्ट आहे." स्पष्ट! रेल्वे स्टेशनवरच्या अनाउन्समेंटलाही माणूस स्पष्टच म्हणतो.

नंतर ते धाकट्या मुलीकडे अकोल्याला गेले. तिचा नवरा संजय, म्हणजे माझा साडभाऊ. जठारपेठेत त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. त्यानेही सेट केला होता. एका गिऱ्हाइकाकडून घेतलेले जुने टॉवर, तिसऱ्याच कंपनीचा सब, आणि तो सब कोपऱ्यात भिंतीला चिकटवून वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर मनी प्लँटची बरणी. फोटो पाहून मी पोट धरून हसलो होतो.

चार दिवसांनी वैशालीने बहिणीशी फोनवर बोलून मला बातमी दिली. बाबांनी तिथे पेनड्राइव्हवर तीच कॅसेट ऐकली. डोळ्यात पाणी आलं म्हणे. दोन दिवसांसाठी गेले होते ते आठवडाभर राहणार. आणि बाबा काय म्हणाले, तर, "संजूच्या घरी माझा डावा हात आयकू येते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरळ सांगतो, जळलो मी. जो डावा हात फाइलमध्येच नाही तो त्या रुमालवाल्या डब्यातून कसा ऐकू येईल? तिथून पुढे दोन महिने मी सब हलवला, भिंतीला फोम लावला, पडदे बदलले. काही होईना तेव्हा नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी खोलीला नावं ठेवली. मामाजी मात्र पंधरा दिवसांआड तेल्हाऱ्याहून अकोल्याची बस धरायचे. अमरावती लांब पडते म्हणायचे.

शेवटी एका रविवारी आम्हीच अकोल्याला गेलो. मामाजी तिथेच होते. जेवणं झाली, दुपारचा एक वाजला असेल. संजयने पेनड्राइव्ह लावला आणि मला म्हणाला, "आयका भाऊ. मले त्यातलं काई समजत नाई, पण मामाजी खूश हायेत." तेवढ्यात त्याला दुकानाचा फोन आला आणि तो बोलायला गॅलरीत गेला. दोघी बहिणी स्वयंपाकघरात. हॉलमध्ये मी आणि मामाजी. ते रेक्झिनच्या सोफ्यावर डोळे मिटून बसले होते.

आणि मी ऐकलं. उजव्या हाताचं टक् टक्, आणि त्याच्याखाली गोल, भरलेली, छातीत उतरणारी थाप. कुठून येतेय ते कळत नव्हतं. टॉवर आणि सब असे एकजीव झाले होते की दहा वर्षं मी ज्याच्यामागे रांगलो ते मनी प्लँटच्या खाली आयतं वाजत होतं. त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या पोटात मात्र दुखलं.

मग मी ते केलं. सबच्या मागे हात घातला आणि स्विच बंद केला. हिरवा दिवा गेला. मला मामाजींच्या तोंडून ऐकायचं होतं की आता नाही ऐकू येत.

थाप तशीच पडत राहिली.

मी सबच्या पडद्यावर तळहात ठेवला. मेलेला. बरणीतलं पाणी स्थिर. टॉवरला हात लावून पाहिला, तिथे उजव्या हाताची बारीक थरथर, बाकी काही नाही. खिशातून मोबाइल काढून आवाज मोजायचं अॅप लावलं. सत्तर हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा वर येत होता, खाली जात होता, तालात. फाइलमध्ये नसलेला, बंद सबमधून न येणारा आवाज माझ्या हातातलं यंत्र मोजत होतं.

तेवढ्यात मेहुणीने चहा आणला. मामाजींनी डोळे उघडले, चहा बशीत ओतला आणि बशी दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावली.

थाप गेली. मोबाइलवरची रेघ सपाट. नुसतं टक् टक्.

त्यांनी बशी खाली ठेवली, डावा हात सोफ्याच्या हातावर टेकवला, बोटं हलकेच हलली... आणि थाप परत आली. मी मोबाइलकडे पाहायचो, त्यांच्या हाताकडे पाहायचो. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते समाजमंदिराच्या ओट्यावर पोचले होते, मला वाटतं.

गाणं संपल्यावर ते हात धुवायला गेले तेव्हा मी त्यांच्याच जागी बसून सोफ्याच्या हातावर वाजवून पाहिलं. फोमचं फसफस, बाकी शून्य. तुम्ही म्हणाल सोफा घुमत असेल. नाही घुमत. वेगवेगळ्या सतरा जागी वाजवून पाहिलं.

लाजेची गोष्ट पुढे आहे. सब मी पुन्हा सुरू केलाच नाही. एवढं पाहूनही नाही! तीन आठवड्यांनी संजयचा फोन आला. झाडताना त्याला दिसलं की सब बंद आहे, कधीपासून कोण जाणे. "पण भाऊ, मामाजी तर कालच आयकून गेले, मस्त वाजते म्हणे. असं काहून?" मी म्हटलं, व्होल्टेजचा काहीतरी प्रॉब्लेम असेल. संजय, हे तू वाचत असशील तर तो स्विच मी बंद केला होता. माफ कर.

फोन ठेवला आणि मला आमच्या हॉलमधली ती दुपार आठवली. माइक. लॅपटॉप. हात जरा स्थिर ठेवाल का.

मी स्वतः गाडी घेऊन तेल्हाऱ्याला गेलो आणि मामाजींना घेऊन आलो. हॉलमधून माइकचा स्टँड काढून टाकला होता, लॅपटॉपही उघडला नाही. त्यांना सोफ्यावर बसवलं, गाणं लावलं. ते बसले, दोन्ही हात मांडीवर, एकावर एक ठेवून. मी म्हटलं, "मामाजी, हात मोकळा ठेवा. वाजवा न."

ते हसले. "राहू द्या जावईबापू. तुमच्या माइकात येते."

"माइक नाही आज. काढला तो."

"असू द्या. तुमी म्हणलं होतं एक डाव, माह्या ध्यानात हाये."

आमच्याकडे सासरा जावयाच्या घरी जावयाचा शब्द मोडत नाही. मी पुन्हा सांगितलं, वैशालीने सांगितलं. तिच्या समाधानासाठी त्यांनी एकदा डावा हात उचलला, सोफ्यावर ठेवला, दोनतीनदा बोटं आपटली, आणि माझ्याकडे पाहून परत मांडीवर नेला. तेवढ्याने काही आलं नाही. सोफ्याचं कापड वाजलं, एवढंच.

अकोल्याला ते अजून जातात. थाप अजून पडते, संजय सांगतो. त्याने सब पुन्हा सुरू केलाय आणि त्याला वाटतं ती त्या सबचीच कमाल आहे. मी त्याला तोंडावर खरं सांगितलेलं नाही. मला अजून जळायला होतं, तेही लपवत नाही. हे काय आहे, कसं आहे, याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा.

त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये गाणं संपेपर्यंत मी मामाजींच्या शेजारी बसून होतो. टॉवर स्वच्छ वाजत होते, टक् टक्, टक् टक्. सब सुरू होता, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. शेवटी ते म्हणाले, "चांगलं आहे जावईबापू. स्पष्ट आहे."