दाराची पाचर

माझा मोठा भाऊ स्वतःच्या सावलीला घाबरतो. हे मी चेष्टेने म्हणत नाही, तो स्वतःच सांगतो. घराबाहेर पडताना गॅस तीनदा बघतो. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. कुत्रं साखळीला असलं तरी रस्ता बदलतो. पोटापाण्यासाठी तो फ्रीज आणि शीतगृहं दुरुस्त करायचा, आणि हाच माणूस सात वर्षं ‘बोंब’ नावाच्या हार्डकोर पंक बँडचा ड्रमर होता.

बँड चौघांचा. गिटारवर शाळेत गणित शिकवणारे मास्तर, बेसवर आमच्या भागाचा पोस्टमन, ड्रमवर दादा आणि गायला मी. गायला म्हणजे किंचाळायला. एक गाणं मिनिटभराचं, फारच चिडलेलो असलो तर चाळीस सेकंदांचं. कुठलीच कंपनी आमच्या वाटेला गेली नाही. कॅसेटी आम्ही घरीच भरायचो, वेष्टनं कात्रीने कापायचो, आणि टपालाचं बघायला घरचाच माणूस होता. ड्रममागे बसला की दादाची भीती कुठे जायची कोण जाणे. आई म्हणायची, “तेवढाच वेळ माझं पोर मोकळा श्वास घेतं.”

सरावाची जागा दादानेच शोधली. फळांच्या एका बंद गोदामातली ती जुनी शीतखोली. वीतभर जाडीच्या भिंती, तसंच दार, थंड करायचं यंत्र केव्हाच काढून नेलेलं. तिथल्या मुकादमाने ओळखीवर दिली होती, “कुठे बोलू नका” या अटीवर, म्हणून आम्ही घरीसुद्धा पत्ता सांगितला नव्हता. बाहेर जायचा तो फक्त बास ड्रमचा ठोका, मागच्या भिंतीतून, आणि तो नेमका पलीकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या काकूंच्या घरात शिरायचा. मग काकू वळसा घालून यायच्या आणि आमच्या दारावर काठी आपटायच्या. दादाची गाळण उडायची. शेवटी त्याने दाराचं रबर बदललं, जाड चटया आणल्या, त्या जमिनीवर दुहेरी अंथरल्या आणि मागच्या भिंतीलाही लावल्या. काकूंचं येणं बंद झालं.

आता दाराचं सांगते. ते जड होतं आणि आपोआप मिटायचं. बाहेरून सहज उघडे, पण आतून उघडायचा दांडा तुटलेला होता. म्हणून दादा आत आला की आधी दाराखाली लाकडी पाचर ठोकायचा, बोटभर फट ठेवायचा आणि प्रत्येक गाण्यानंतर उठून बघून यायचा. तेवढ्या फटीतून निसटलेला आवाज रिकाम्या गोदामातच विरायचा. आम्हाला हसू आवरत नसे. मास्तर म्हणायचे, “बघून ये रे, पळाली नाही ना पाचर?”

त्या दिवशी सुट्टी होती. मुकादम गावाला गेलेला. नव्या चटयांवर बास ड्रम सारखा पुढे सरकत होता आणि दादा वैतागला होता. तो पाठमोरा होऊन पाणी पीत होता तेव्हा मी पाचर काढली, ड्रमपुढे घातली आणि दाराला माझी पिशवी लावली. माझ्या मते मी मदत करत होते. पुढचं गाणं सत्तेचाळीस सेकंदांचं होतं. ते संपलं, दादा सवयीने उठला, आणि दार बंद होतं.

“पाचर कुणी काढली?”

“मी,” मी म्हटलं.

तो रागावला नाही. 

आम्ही दाराला खांदे लावले, लाथा घातल्या, घसा फुटेस्तोवर ओरडलो. माझा तर तो धंदाच होता. पोस्टमनने बेसचा आवाज होता नव्हता तेवढा वाढवून पाहिला. मग मास्तर बोटाने भिंतीवर लांबी, रुंदी, उंची मांडू लागले. चौघांना हवा किती वेळ पुरेल याचं ते गणित होतं. अर्ध्यात त्यांनी बोट थांबवलं आणि चष्मा पुसत बसले. 

“रबर मीच बदललंय,” दादा पुटपुटला. “चांगलं बसलंय.”

मला रडू फुटलं. इतकी मी कधीच घाबरले नव्हते, आणि हे सगळं माझ्यामुळे झालं होतं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरीही उभा राहिला तो तोच. “चटया काढा,” तो म्हणाला. “भिंतीवरच्या आधी.”

आम्ही चटया ओरबाडून काढल्या आणि ड्रम मागच्या भिंतीला भिडवला. “आता बसा. बोलायचं नाही, श्वास हळू घ्यायचा.” मग त्याने पायाने एक ठोका दिला. थांबला. पुन्हा एक. दम वाचवायचा म्हणून इतका सावकाश. मी भिंतीला टेकून मनात हात जोडत होते, काकू, चिडा हो, काठी घेऊन या. आणि त्या आज घरातच नसतील तर? दोन तास गेले. डोकं जड झालं. पोस्टमनने ठोके द्यायला पाय पुढे केला, पण दादा उठेना.

मग दार उघडलं. काकू काठी घेऊन उभ्या होत्या. दादाने त्यांच्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखा रडला.

“सात वर्षं माझ्या भिंतीतून नुसते पळत सुटलेले असता,” काकू म्हणाल्या. “आज कुणीतरी एकेक पाऊल टाकत होतं. म्हटलं, पोरांना काहीतरी झालंय.” मग म्हणाल्या, “महिनाभर आवाज नव्हता. मला वाटलं, सोडून गेलात.”

दुसऱ्याच दिवशी दादाने ते दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. बिनदाराच्या खोलीत आम्ही दोन महिने वाजवलं. मग सगळ्या गल्लीने तक्रार केली आणि आम्हाला जागा सोडावी लागली. सात वर्षं, दोन कॅसेटी, एकोणीस कार्यक्रम, एवढाच ‘बोंब’चा इतिहास. तक्रारीच्या कागदावर काकूंची सही नव्हती.

दादा अजूनही दर रविवारी काकूंकडे जातो, मीही सोबत असते. निघताना तो त्यांचा गॅस तीनदा बघतो. मी आता हसत नाही. त्याचं झालं की चौथ्यांदा मी बघते.