आत काही पडू नये

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षर तर वेडंवाकडंच आहे, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. शंकरभाऊजी गेल्याचा फोन आला त्याला महिना होऊन गेला. चार माणसांत बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

भाऊजी साताऱ्याकडचे, मेढ्याचे. माझे मालक आणि ते एकाच पलटणीत. सीमेवर त्यांच्या बंकरच्या भिंतीवर तोफगोळा आदळला. गोळा आत आलाच नाही. भिंतीचेच तुकडे आतल्या बाजूला उडाले आणि त्यात मालक गेले. कुंडलला आमच्या घरी येऊन भाऊजींनी हे सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे नाही, उंबऱ्याकडे बघत होते...

रिटायर झाल्यावर ते सांगलीत विश्रामबागेला खोली घेऊन राहिले. तिथल्या एका कॉलेजातल्या सरांना धरून बंकरच्या भिंतीसाठी पॅनेलं करायला लागले. पुढे कडक सिमेंट, मध्ये तारेची जाळी. पण घण घातला की मागून कपच्या उडायच्याच. कॉलेजनं जागा दिली, सामानाला पैसे नव्हते. मालकांच्या माघारी आलेले पैसे मी पुढे केले. भाऊजींनी ते घेतले, पण अट घातली. "पेन्शनीतनं फेडनार न्हाई वैनी. भिंत इकली तरच फेडीन. न्हाईतर बुडालं म्हना." जाऊबाई मला म्हणाली, आता भाकरीसंगं सिमेंट खा.

एकदा आमच्या गोठ्यात टांगलेलं, बैलाच्या तोंडाला बांधायचं जाळीचं मुसकं त्यांनी काढून घेतलं. घायपाताच्या दोरीचं, मी विणलेलं. दोन्ही हातांनी ताणून बघितलं, एक गाठ तुटली तरी बाकीचं धरून कसं राहतं म्हणून विचारलं. मला सांगता येईना, दुसरं विणून दाखवलं. पुढं त्यांनी तशीच बारीक जाळी विणून घेतली, चिकट रसायनात भिजवली आणि पॅनेलच्या आतल्या अंगाला बसवली.

चाचणी बघायला मला नेलं. पॅनेलमागे पाण्यानं भरलेलं मडकं ठेवलं होतं. वरून टांगलेलं वजन झोका घेऊन पॅनेलवर आदळलं, पुढची बाजू भेगांनी भरून गेली. भाऊजी मागं जाऊन वाकले, मडक्यावरून हात फिरवला.

"वैनी, भिंत फुटली. आत काय न्हाई पडलं."

आणि कॉलेजच्या पोरांसमोर खाली बसून रडले.

लष्कराची मंजुरी यायला फार वेळ गेला. तोवर भाऊजींना दम पुरेना. शेवटच्या भेटीत पैशाचं निघालं, तेव्हा मी राहू द्या म्हटलं. ते चिडले. "ऱ्हाऊ द्या म्हंजी भिंत ऱ्हायली म्हना की..."

मागच्या आठवड्यात त्यांच्या मंडळी, लताबाई, मेढ्याहून आल्या. पिशवीतून पैसे काढून माझ्या हातात ठेवले. मी मागे सारले, तुमच्या पेन्शनीतले मला नकोत म्हणाले.

"पेन्शनीतलं न्हाईत," त्या म्हणाल्या. "पॅनेलं इकली गेली, वर बॉर्डरच्या चौकीवर. त्याचं आल्यात."

मग मी घेतले. मोजले. पुरे होते.