अमावास्येचं पनीर

आमच्या घरात अमावास्येला दूध नासवत नाहीत. का, ते मला ठाऊक नाही. आज्याने पाळलं, बापाने पाळलं, मीही पाळलं. चौथीतून शाळा सुटली, त्यामुळे का-का विचारायची सवय लागली नाही. अमावास्येचं दूध विकावं, प्यावं. पण मुद्दाम फाडायचं म्हणजे गोठ्याशी वैर.

आता सुनेचा धंदाच दूध फाडायचा. कुरुळीत आमच्या घरामागे पत्र्याची खोली आहे. तिथे तिने दूध तापवायचं मोठं स्टीलचं भांडं, पनीर दाबायचा साचा आणि थंड ठेवायची पेटी आणली. त्याआधी ती कंपनीत ठेकेदाराकडे लाईनवर होती. आठ-आठ तास उभं राहून पाय सुजायचे. नोकरी सोडली आणि सरकारी अनुदानाचा अर्ज भरला. पेटी अर्ध्या पैशांवर आलेली. अनुदान आलं नाही तर दुकानदार ती उचलून नेणार होता.

अर्जावर मात्र नाव माझं. ती म्हणाली होती, "आबा, जागेचा भाडेकरार केला तर माझ्या नावानं भरता येतो."

मी म्हणालो, "म्हसरं माझी, जागा माझी, नाव दुसऱ्याचं कशाला?"

आणि वर अट घातली : अमावास्येला काम बंद. तिने दोन्ही मान्य केलं.

मग पाहणीचा फोन आला. साहेब येणार, चालू काम बघणार, दूध ओतण्यापासून पनीर निघेपर्यंत. दिवस कुठला, तर पाडव्याच्या आदला. फाल्गुनी अमावास्या. तिने दिवस बदलून मागितला. ऑफिसातून उत्तर आलं की पाडव्याची सुट्टी, त्यानंतर मार्च संपला, फाईल बंद.

"आबा, एकच दिवस," ती म्हणाली.

"न्हाई."

"मग मी परत लाईनवर जाऊ?"

"जा की."

बोलून गेलो. मनात म्हटलं, ही माझ्यामागे गुपचूप करणार. म्हणून अमावास्येला पहाटे सातही म्हशी पिळल्या आणि सगळे कॅन टेम्पोत घालून कंपनीच्या कँटीनवाल्याला विकून आलो. चहापुरतंसुद्धा ठेवलं नाही. दूधच नाही तर नासवणार काय?

परत आलो तर ती भांडं घासून लख्ख करून उभी. रिकाम्या कॅनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. पदर खोचला आणि परत भांडं पुसायला लागली.

अकराला साहेब आले. पोरसवदा, मोटरसायकलवर, डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आधीच विचारलं, "अर्जदार कोण?"

"मी हाय."

"चला, सुरू करा. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

सून खाली बघत होती. सांगितलं असतं की दूध सासऱ्याने घालवलं, तर कुणी दोष दिला नसता. पण तिने माझं नाव घेतलं नाही. "साहेब, आज दूध कमी पडलं," एवढंच म्हणाली.

"कमी म्हणजे किती?"

तिने रिकाम्या भांड्याकडे बोट दाखवलं.

साहेबाने कागद उघडला. "ताई, मला एकच रकाना भरायचाय. चालू का बंद. दूध नसेल तर मी बंद लिहितो. वाईट वाटून घेऊ नका."

त्याने पेनाचं टोपण काढलं. आयुष्यात मी कुणाला चूक झाली असं म्हटलेलं नाही. बायकोलाही नाही.

"दूध मी इकलं," मी म्हणालो. "तिनं न्हाई. थांबा जरा."

"बाबा, किती वेळ?"

"म्हस देईल तितका."

बादली घेऊन गोठ्यात गेलो. अकरा वाजता म्हशी पिळत नसतात. चारपर्यंत त्यांचा रवंथाचा वेळ. पहिलीने लाथच उगारली. दुसरीने अंग चोरलं. तिसरी माझ्या हाताची, दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही. तिच्यापुढे पेंडीचं आंबोण ठेवलं, रेडकू सोडलं, पाठीवरून हात फिरवत बसलो. सडं कोरडी. मागे साहेब उभा, घड्याळ बघतोय. "बाबा, निघू का?" दोनदा म्हणाला. मी वळून बघितलं नाही. रेडकाने ढुशी मारली, पुन्हा मारली, आणि तिने पान्हा सोडला. मग आणखी दोघींनी दिलं. सगळं मिळून बादलीच्या निम्म्याला.

सुनेने दूध तापवलं. लिंबूसत्त्वाचं पाणी कालवून तिने तांब्या उचलला, तेवढ्यात साहेब म्हणाला, "ताई, तुम्ही नको. अर्जदाराचा फोटो पाहिजे, ओतताना. फोटोवर तारीख-वेळ येते."

सून म्हणाली, "साहेब, मी ओतते ना, त्यांचं आज..."

"नाव कुणाचं आहे अर्जावर?"

नाव माझं होतं. सातबाऱ्यावर होतं तसंच. तांब्या तिच्या हातातून घेतला. धार धरली. दूध आधी तसंच राहिलं, मग कडेने हिरवट पाणी सुटलं आणि पांढरे गोळे वर आले. साहेबाने तीन फोटो काढले. "बाबा, इकडं बघा जरा." मी बघितलं नाही.

रकान्यात 'चालू' लिहिलं गेलं. सही करताना मी विचारलं, "साहेब, आता हिचं नाव लावता येतं का?"

"आता नाव बदललंत तर सगळंच रद्द होईल, बाबा. चांगली चार वर्षं तरी तुम्हीच मालक."

तो गेला. सुनेने साच्यातून पनीर काढलं, वीतभरसुद्धा नव्हतं. एक तुकडा कापून पुढे केला. "खाता का, आबा?"

"आज न्हाई," म्हणालो.

तिने तुकडा पेटीत ठेवला. पेटी अजून खोलीतच आहे. बँकेतून अनुदान जमा झाल्याचा मेसेज माझ्या फोनवर आला. मला तो वाचता येत होता, तरी मी फोन तिच्याकडे दिला आणि म्हणालो, "वाच."