तिसऱ्या दिवशी विचार

वानखडे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, आमच्या प्रकल्पाच्या ऑफिसात, त्यांचाच फॉर्म समोर घेऊन बसले होते. योगायोग म्हणावा असं त्यात काही नाही. तो महिनाभर मी तो फॉर्म रोज बाहेर काढत होते आणि रोज परत फाइलीत ठेवत होते. फोनवर काका, म्हणजे मॅडमचे यजमान, एवढंच बोलले, "पोरी, तुह्या मॅडम गेल्या... सकाळी, झोपेतच." डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. थकव्याच्या आजारानं त्या गेल्या असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोललेलं मॅडमना कधी चाललं नाही. पण फॉर्मवर माझ्या अक्षरात 'सुधारणा आहे' असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं.

चांदूर बाजारच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. आमचा भाजीचा मळा, आईबाबा दोघंही सकाळीच माल घेऊन बाजारात. घरात माझ्याआधी दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. पाचवीत मला भागाकार येत नव्हता. तपासणीचे साहेब येणार असले की आमच्यासारख्या चार-पाच जणांना घरीच थांबायला सांगायची शाळेची रीत होती. हुशार मुलं पुढच्या बाकांवर, भिंतीवर नवे तक्ते, आणि साहेबांच्या तपासणीच्या वहीत 'उत्तम' असा शेरा. त्या वर्षी मॅडमनी मला घरून बोलावून घेतलं आणि दुसऱ्या बाकावर बसवलं. साहेबांनी नेमकं मलाच फळ्यापाशी उभं केलं. गणित चुकलं, शेरा बिघडला. मुख्याध्यापक त्यांना काय काय बोलले ते आम्ही व्हरांड्यातून ऐकलं. मॅडम वर्गात आल्या आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "हं, भागाकार काढा." पुढे अमरावतीच्या कॉलेजचा माझा अर्ज त्यांनीच भरला, आईला त्यांनीच समजावलं. मी आज पदवीधर आहे ती त्यांच्यामुळे. हे त्यांना तोंडावर कधी नीट सांगितलं नाही...

मी कॉलेजात असताना त्यांना ताप आला. ताप उतरला, पण मॅडम पहिल्यासारख्या उठल्याच नाहीत. आंघोळ करून आल्या की तासभर पडून राहायच्या. एकदा बाजारात जाऊन आल्या तर पुढचे तीन दिवस पडदे ओढून, कारण उजेड आणि भांड्यांचा आवाजसुद्धा सोसायचा नाही. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. नोकरी मुदतीआधी सोडून त्या अमरावतीला राहायला आल्या, तर मॅडमला पेन्शन मानवली असं शेजारच्या बाया म्हणू लागल्या. त्यांच्या नणंदेनं तर माझ्यादेखत सांगितलं की हिला काही झालेलं नाही, घरकामाचा कंटाळा आहे. नणंद निघून गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "रिपोर्टापेक्षा ननदबाई बऱ्या. तोंडावर तं बोलतेत."

मला नोकरी लागली ती नेमकी याच आजाराच्या अभ्यासात. दीर्घ थकव्याच्या रुग्णांनी दर आठवड्याला थोडं थोडं चालणं वाढवायचं, आणि त्यानं ताकद येते का ते आम्ही पाहायचं. मॅडमना फॉर्म दाखवला. पहिलाच प्रश्न होता, थकवा जाणवतो का? त्या हसल्या. "थकवा कोणाले नाई? तुह्या मायले विचार, तिचाही फॉर्म भरून होईल. हा आजार तं केल्यावर कळते. आज काम केलं की दोन दिवसांनी माणूस आडवा होते. ते कुठं विचारलं?" मी म्हटलं, फॉर्म वरूनच आला आहे. तरीही त्यांनी नाव दिलं. "तुह्यं पयलं काम हाये. मी नाई म्हनीन का?" त्या माझ्या शिक्षिका आहेत हे मी आमच्या प्रकल्पप्रमुख सरांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

तीन भेटी ठरलेल्या होत्या. तिन्ही वेळा मॅडम इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून खुर्चीत बसलेल्या. चहाही स्वतः केला. घरकाम जमतं का? जमतं. चालणं वाढलं का? वाढलं. शेवटच्या भेटीला तर त्या मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. मी आनंदानं 'सुधारणा आहे' लिहिलं.

दोनच दिवसांनी मी गावाहून अकोल्याला परतत होते. वाटेत मळ्यातली मेथी द्यायला, न कळवता, त्यांच्या घरी थांबले. खोलीत अंधार. मॅडमच्या डोळ्यांवर ओलं फडकं, काका चमच्यानं वरण भरवत होते. हळू आवाजात काकांनी सांगितलं की माझ्या प्रत्येक भेटीआधी दोन दिवस त्या निजून राहत आणि नंतर हे असं होई. मी विचारलं, मला सांगितलं का नाही? मॅडम शब्दाशब्दाला थांबत बोलल्या, "तू येनार म्हणून... तपासणीच्या दिवसासारखी बसली मी. चूक माह्यीच. पण तूही शेरा लिहून निघून गेली नं."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी विचार. सगळ्यायले."

मी म्हटलं, हा फॉर्म फाडते आणि नवा भरते. त्यांनी फडकं बाजूला केलं. "फाडू नको. जुनं वाचता आलं पाह्यजे. खाली तारीख टाक अन् खरं लिही." आम्हाला प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं. मी विसरले होते.

आणि तरी मी लिहिलं नाही. सर विचारतील, न कळवता का गेलात? मग ओळख निघेल. माझा नोकरीचा करार वाढायचा होता... मॅडमनी फोनवर एकदाच विचारलं, "लिहिलं का?" मी म्हटलं, लिहिते. त्यांनी परत विचारलं नाही. तो शब्द मला अजून एका जागी बसू देत नाही.

तेरवी झाल्यावर सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बाकीच्यांकडे न कळवता कधी गेलात?" कधीच नाही. त्यांच्यासमोरच मी मॅडमच्या फॉर्मखाली तारीख टाकून खरं लिहिलं, आमची ओळखही लिहिली. सर म्हणाले, ओळख लपवलेली असल्यामुळे हा फॉर्म बहुधा हिशेबातून बाजूला ठेवावा लागेल. नियम बरोबर आहे. पण ज्या बाईंनी मला तपासणीच्या दिवशी वर्गात बसवलं, त्यांना माझ्यामुळेच बाहेर बसावं लागणार... बाकी सगळ्यांना मात्र पुन्हा भेटायचं आणि भेटीनंतर तिसऱ्या दिवशी फोन करून विचारायचं ठरलं.

आता ते फोन मीच करते. मॅडमची एक सवय होती. प्रश्न विचारला की त्या हातातला खडू खाली ठेवायच्या आणि थांबायच्या. वर्ग कितीही चुळबुळला तरी उत्तर स्वतः सांगायच्या नाहीत. मीही प्रश्न विचारून पेन खाली ठेवते. मागच्या आठवड्यात पातूरकडच्या एका बाईंनी नेहमीसारखं "बरं हाये" म्हटलं. मी पेनला हात लावला नाही. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "खरं सांगू का बाई? परवा तुमी येऊन गेल्या, तवापासून मी उठलीच नाई."

मी पेन उचललं.