प्रेषक : मच्छी मार्केट

"प्रिय मच्छी मार्केट."

पत्राची सुरुवात अशी होती. इंग्रजीत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. माझ्याच प्रश्नाला, सगळ्यांना जाणाऱ्या लिस्टवर आलेलं उत्तर. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं उत्तर चुकून माझ्या प्रश्नाखाली आलं.

खाली लिहिलं होतं, "या लिस्टवर प्रत्येकानं खरं नाव लावायचं असतं. तुम्ही चेष्टेचं नाव लावून लिहीत आहात. लिस्टवर येताना पाठवलेले नियम वाचले नाहीत का?"

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. मी वळून बघितलं. मंदार माझ्या खुर्चीमागं उभा होता. त्याच्या मागं बाकीचे. मी हे पत्र कधी उघडते, याची सगळे वाट बघत होते.

"आलं का शेवटी?" मंदार म्हणाला. "मला वाटलं, कुणाला कळणारच नाही!"

मग सगळे मोकळेपणानं हसले.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. बेलापूरला टॉवरमधलं ऑफिस. कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहिणारी छोटी कंपनी. मी शेजारच्याच दिवाळे गावची. कोळ्याची पोर. आय बेलापूरच्या बाजारात माशांची पाटी घेऊन बसते. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, परीक्षा दिली, इंटरव्ह्यू दिला आणि लागले. ऑफिसच्या खिडकीतून खाडी दिसायची. आमच्या होड्या दिसायच्या. ऑफिसातले त्याला "व्ह्यू" म्हणायचे.

मंदार माझा सिनियर. वाशीच्या सोसायटीत राहणारा इंजिनियर. पहिल्या दिवशी त्यानंच माझं मेलचं खातं लावून दिलं. तेव्हा मेलला चित्रं नव्हती, माउस नव्हता. नुसती अक्षरं आणि कीबोर्ड. सेटिंगमध्ये एकेक ओळ भरायची. पत्ता, सर्व्हर, तळाची सही, आणि पाठवणाऱ्याचं नाव. "हो बाजूला, मी टाकतो," म्हणाला. त्यानं टाकलं. मी बाजूला उभी राहिले.

पाठवणाऱ्याच्या नावाच्या ओळीत त्यानं लिहिलं, मच्छी मार्केट.

मला कळलं नाही, कारण कळायची सोयच नव्हती. पत्र लिहिताना वर फक्त कुणाला पाठवतोय ते दिसायचं. कोण पाठवतंय ते दिसायचं नाही. ते दिसायचं समोरच्याला. मी पाठवलेल्या प्रत्येक पत्रावर, प्रत्येकाच्या पडद्यावर. आपलं स्वतःचं पत्र परत उघडून कोण वाचतो?

त्याच ऑफिसात पॅन्ट्रीच्या दारावर कागद होता. मासे आणायचे नाहीत. त्यावर कुणाचं नाव नव्हतं. गरज नव्हती. मी डबा जिन्यात बसून खायचे.

म्हणून मला ती लिस्ट आवडायची. लिस्ट म्हणजे असं : एका पत्त्यावर पत्र पाठवायचं, ते जगभरच्या शेकडो लोकांना पोचायचं. आमच्यासारख्याच मशीनवर काम करणारे लोक. कुणी प्रश्न विचारायचा, ज्याला येतं त्यानं उत्तर द्यायचं. ऑफिसातल्या सगळ्यांची अशीच एक छोटी लिस्ट वेगळी होती. या बाहेरच्या लिस्टचे नियम मी छापून टेबलासमोर लावले होते. विषयाच्या ओळीत नेमकं लिहा. सगळी अक्षरं मोठी नको, ते ओरडल्यासारखं वाटतं. समोरच्याचं सगळं पत्र परत चिकटवू नका, हवी तेवढी ओळ ठेवा आणि तिच्या खाली उत्तर द्या. एकाला सांगायचं ते सगळ्यांना पाठवू नका. नवख्याला हसू नका. मी सगळं पाळायचे. मला ते नियम म्हणजे मान वाटायचा. तिथं कुणी माझं गाव विचारत नव्हतं. कुणाला माझ्या डब्याचा वास येत नव्हता. नुसती अक्षरं. अक्षरांना कसला वास?

पण वास तर मंदारनं आधीच लावून ठेवला होता. नावातच.

मी मंदारला विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अगं, जोक होता. एवढं काय टेन्शन घेतेस?"

"साहेबांना जाणारी पत्रं?"

"सगळीच. साहेब पण हसले होते."

साहेब पण.

मला तळोज्याचं एक गिऱ्हाईक आठवलं. कारखान्यातला माणूस. फोनवर नेहमी म्हणायचा, "मार्केटवाल्या मॅडमना द्या." मला वाटायचं, तो मला मार्केटिंगमधली समजतो. मी दरवेळी त्याला नम्रपणे सांगायचे, नाही हो, मी प्रोग्रामिंगमध्ये आहे. तो हसायचा. मीही हसायचे त्याच्याबरोबर.

सेटिंग उघडलं. नाव पुसलं. माझं नाव लिहिलं, पूर्ण. मिनिटभराचं काम. मग बॅग उचलली आणि कुणाला न विचारता घरी निघून आले.

आय अंगणात सुकत घातलेले बोंबील उलथत होती. मला अवेळी आलेली बघून उठली.

"काय झायलं गो?"

मी सांगितलं. रडत रडत सांगितलं. मेल म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागलं. पत्र. माझ्या नावाच्या जागी त्यानं मच्छी मार्केट लिहिलं. सगळ्यांना तेच दिसत होतं.

आय ऐकत राहिली. मग म्हणाली, "मच्छी मार्केट ही शिवी हाय का?"

तिनं हातातला बोंबील खाली ठेवला.

"मी थयच बसतंय. तुजे शालेची फी थयशीच आली. तुला लाज कनाची वाटली? तेच्या हसन्याची, का माजी?"

"त्याच्या हसण्याची, आय."

"मंग तेला इचार. माज्याम्होरं कनाला रडतंस?"

एवढंच बोलली. परत बोंबलांकडं वळली. जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. मी तिथंच उभी राहिले आणि माझं रडं थांबलं. ते परत आलं नाही. आजपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले ती सरळ मंदारच्या टेबलाशी.

"लिस्टवर लिहायचं," मी म्हणाले. "हे नाव मी टाकलं, तिला माहीत नव्हतं, असं. बाहेरच्या लिस्टवर पण आणि ऑफिसच्या लिस्टवर पण."

तो हसला. "पर्सनल गोष्टी लिस्टवर आणायच्या नसतात. एटिकेट वाच जरा. तूच छापून लावलेत ना नियम?"

जागेवर येऊन बसले तर त्याचं पत्र आलेलं. फक्त मला. "वाईट वाटलं असेल तर सॉरी." पुढं दोन टिंबं आणि कंस. हसरा चेहरा.

मी परत उठले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लिस्टवर केलंस, लिस्टवर सांग."

त्याला मी कायम तुम्ही म्हणायचे. तेव्हा पहिल्यांदा तू म्हटलं. कीबोर्डचे आवाज थांबले.

थोड्या वेळानं साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. आवाज एकदम मऊ. "मिटवून टाक. त्यानं सॉरी म्हटलंय. मुलं आहेत, चेष्टा करतात. आणि बघ, तुमच्या भागातल्या मुलीला आम्ही संधी दिली. दुसऱ्या कुणी दिली असती?"

"सर, माझी पत्रं तुम्हाला येत होती. तुम्ही पण वाचत होतात ना?"

साहेब पेपरवेट फिरवत राहिले.

"मग एकदा तरी मला सांगायचं होतं."

"तू जागेवर जा," साहेब म्हणाले.

गेले. आणि लिहायला बसले. नियमानं. विषय : माझ्या नावाबद्दल. वर लिस्ट सांभाळणाऱ्याच्या त्या पत्रातली एकच ओळ ठेवली, "तुम्ही चेष्टेचं नाव लावून लिहीत आहात." तिच्या खाली माझं. "ते नाव मी लावलं नव्हतं. माझ्या सिनियरनं, मला न सांगता लावलं. आणि ती चेष्टाही नाही. माझी आई बेलापूरच्या बाजारात मासे विकते. हसायचं काय होतं, ते हसणाऱ्यांनी सांगावं." मंदारचं नाव घातलं. ऑफिसचा पत्ताही घातला. बाहेरच्या लिस्टला पाठवलं, ऑफिसच्या लिस्टला पाठवलं.

संध्याकाळी उत्तरं आली. लिस्टवाल्याचं पहिलं, लिस्टवर, सगळ्यांच्या समोर. "हा विषय या लिस्टचा नाही. कृपया खासगीत बोलावं. चर्चा इथं थांबवत आहे." बस्स. चेष्टेचं नाव सगळ्यांसमोर विचारलं होतं. खऱ्या नावानं मात्र खासगीत जायचं.

मग आणखी काही पत्रं आली. फक्त मला. अनोळखी लोकांची. फार वाईट झालं, तुम्ही धीराच्या आहात. त्यात एक आमच्याच ऑफिसातल्या मुलाचं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा. हाताच्या अंतरावरून त्यानं मेल पाठवला होता, "मला हे आधीपासून पटत नव्हतं." मी त्याच्याकडं बघितलं. तो पडद्याकडं बघत राहिला.

हसले तेव्हा सगळे मिळून. वाईट वाटलं ते एकेकटं, गुपचूप. मी एकालाही उत्तर दिलं नाही.

साहेबांनी परत बोलावलं. आता आवाज मऊ नव्हता. कंपनीचं नाव जगभर खराब केलंस. तुझा लिस्टवर लिहायचा हक्क बंद. माफीचं पत्र दे, ऑफिसच्या लिस्टवर टाक, म्हणजे विषय संपेल.

"माफी मी मागायची?"

"हो. शिस्त म्हणून."

"नाही मागणार. काढायचं तर काढा. पण का काढलं ते सगळ्यांना लिहून कळवा. मी दार उघडते, सगळ्यांना बोलावते, आत्ता सांगा."

उठले आणि दार उघडलं. सताड. बाहेरची सगळी डोकी इकडं वळली. साहेब म्हणाले, "दार लाव." मी लावलं नाही. उंबऱ्यावर उभी राहिले. बंद दाराआड जे म्हणाले होते, त्यातला एक शब्दही त्यांना उघड्या दारात बोलता आला नाही.

मला काढलं नाही. तळोज्याचा प्रोग्राम अर्धा होता आणि तो दुसऱ्या कुणाला समजत नव्हता. मंदारला बढती मिळाली. पुढं तो परदेशी गेला. त्यानं कधीच काही लिहिलं नाही. मी तिथं राहिले तोवर माझ्याशी कामापुरतं बोललं गेलं. चालेल.

आजही कुणी खांद्यावर हात ठेवून म्हणतं, जाऊ दे ना, आपसात मिटवू. मी तो हात काढून ठेवते. चारचौघांत थुंकायचं आणि बंद खोलीत पुसायचं, हा तुमचा शिष्टाचार. तो मी पाळणार नाही. जिथं थुंकलात, तिथंच, त्याच चौघांसमोर पुसायला लावीन. नाही पुसलंत, तर कोण थुंकलं ते नाव घेऊन सांगीन. मोठ्यानं.