भिंतीतला इटालियन मास्तर

सांगू की नको असा हा प्रकार आहे, पण तुम्ही चहा ओतलाच आहे, तर ऐका.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ग्लासगोत हॉस्पिटलला होतो. रोमला कॉन्फरन्स होती म्हणून कॅसेट लावून इटालियन शिकत होतो. कॅसेटवाली बाई सांगायची, शब्दाचे तुकडे पाडा, एका तुकड्यावर जोर द्या. आपण लहानपणी तबल्याच्या क्लासला गेलेली माणसं. मी सोफ्यावर बसून मोठ्यानं म्हणायचो आणि भिंतीवर थापा मारायचो. ता-व्हो-ला. पहिली थाप जोरात.

डिसेंबरात एकदा असाच बसलो होतो. तिकडे हिवाळ्यात तिन्हीसांजा चारलाच होतात. शब्द होता ते-ले-फो-नो. मी जोर दिला ‘फो’वर.

भिंतीतून चार थापा आल्या. दुसरी जोरात.

कॅसेट पुढे लावली. जोर ‘ले’वरच होता. म्हणजे भिंत बरोबर आणि मी चूक. मी सोफ्यावरून उठून भिंतीपासून लांब झालो. कारण पलीकडच्या इटालियन आइस्क्रीमवाल्याची शवपेटी दिवाळीतच जिन्यावरून उतरताना मी पाहिली होती. त्यानंतर त्या दारात कुणी दिसलं नव्हतं.

“अहो, जीव अडकलाय त्यांचा,” बायको वसुधा म्हणाली. “आपण हा फ्लॅट सोडू.”

“अगं, मी डॉक्टर आहे.”

“मग पुन्हा वाजवून दाखवा.”

नाही वाजवलं. उलट अमावास्येला याच डॉक्टरनं, दहीभातावर कुंकू टाकून, ताटली त्या दारापाशी ठेवली आणि मागे न बघता घर गाठलं.

सकाळी ताटली आमच्या दारात. घासून, पुसून. भूत कधी भांडी घासतं का, सांगा. पण तेव्हा हे सुचलं नाही. कॅसेट कपाटात गेली आणि वसुधा दुसरं घर शोधायला लागली.

आठवड्यानं बेल वाजली. दारात डोळे सुजलेली एक बाई, पलीकडच्या म्हाताऱ्यांची मुलगी.

“तुम्ही वाजवायचं का थांबवलंत? आई रोज भिंतीला कान लावून बसते. स्ट्रोकनं वाचा गेलीय तिची, घराबाहेर पडत नाही. बाबा गेल्यापासून ती फक्त तुमच्याशीच बोलली हो.” मग डोळे पुसून म्हणाली, “भात आवडला तिला. वरची लाल पूड तेवढी कडू लागली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुम्ही डॉक्टर ना?” तिनं सहज विचारलं. “कसले?”

मागून वसुधा म्हणाली, “स्ट्रोकचे. वाचा गेलेल्या पेशंटना टकटक करून बोलायला हेच शिकवतात.”